मावशीसाठी सबटायटल

शुक्रवार

बडनेरा गेलं की डब्यातली मराठी बदलते. पुण्याहून निघाल्यापासून 'जरा सरकता का' चाललं होतं, ते पहाटे 'सरका ना जी थोडंसं' झालं. खिडकीबाहेर तुरी उभ्या, वेचून झालेल्या कपाशीवर चुकार बोंडं. वर्ध्याला चहा घेतला, अजनी येईपर्यंत स्वेटर चढवला आणि नागपूरला उतरल्यावर कळलं की एका स्वेटरनं भागणार नाही.

मी पाच दिवसांसाठी आले होते ती सिनेमे वाचून दाखवायला. मावशीच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, चष्म्याचा नंबर अजून ठरायचाय. लांबचं स्वच्छ दिसतं, अक्षर मात्र लागत नाही. पेपर बंद, दासबोध बंद, आणि मालिकांचा तिला पहिल्यापासून तिटकारा. "तू ते देशोदेशीचे पिक्चर पाहत असते ना, ते घेऊन ये," ती फोनवर म्हणाली होती. "खाली इंग्रजी येते ते तू वाच. मी पाहीन."

यादीतले बहुतेक सिनेमे मी गेल्या काही महिन्यांत पुण्यात एकटीनं, लॅपटॉपवर, कानात हेडफोन घालून पाहिलेले. माझी एक वही आहे. तीत प्रत्येक सिनेमाला पाचपैकी तारे आणि खाली एखादा शेरा. ती वहीही बॅगेत होती. मतं तयार होती, फक्त वाचायचं काम होतं.

स्टेशनवरून मेट्रोनं सुभाषनगर. मावसाजी जिन्याखाली स्कूटर लावून उभे.

"झोप झाली का गाडीत?"

"झाली."

"मग गोळाभात जेवून पुन्हा होईल."

झालीच. डाळीचे वाफवलेले गोळे भातात कुस्करायचे आणि वर हिंग-मोहरीचं कडकडीत तेल ओतायचं. त्यानंतर माणूस दुपारी जागा राहत नाही.

संध्याकाळी टीव्हीला वायर जोडली. सुरुवातीला मुद्दाम सोपा सिनेमा निवडला: भूतानचा 'लुनाना: अ याक इन द क्लासरूम', 2019 चा, पावो चोयनिंग दोर्जी यांचा. भूतानला ऑस्करचं पहिलं नामांकन यानंच मिळवून दिलं. ऑस्ट्रेलियाला जाऊन गायक व्हायचं स्वप्न बघणाऱ्या एका तरुण मास्तराची बदली डोंगरातल्या अशा गावी होते, की गाडीरस्ता संपल्यावर आठवडाभर चालावं लागतं. तिथं वीज नाही. सिनेमावाल्यांनी चित्रीकरणसुद्धा सौरऊर्जेवर भागवलं. वहीत तीन तारे आणि शेरा: 'गोड आहे, जरा जास्तच.'

मास्तरांच्या स्वागताला गावकरी पुढे आले आणि मी वाचलं, "सर, आपण आलात, आम्हाला अत्यंत आनंद झाला."

मावशीनं माझ्याकडे वळून पाहिलं. "गावातला माणूस असा बोलते का कुठं? पुण्याचा वाटून राहिला तो मले."

मग मी "गुरुजी, तुम्ही आलासा, लई झ्याक झालं" असं करून पाहिलं. ते कोल्हापूरचं झालं, असा निकाल मिळाला. शेवटी ठरलं, की मी सरळ अर्थ सांगायचा आणि माणूस कसा बोलत असेल ते ती मनात लावून घेईल.

जळणासाठी याकचं शेण पेटवायला मास्तर धडपडतो. आधी पाहिला तेव्हा मला तो विनोदी प्रसंग वाटला होता. मावशी मात्र त्याला सूचना देत होती. "ओली हाय ते. कोरडी खाली घाल. आता फुंक. अरे, तसं नाही!" तिचं बालपण वरोऱ्याला गोवऱ्या थापण्यात गेलं. मावसाजींनी तर सिनेमा थांबवायलाच लावला. विजेच्या खात्यात असताना त्यांनी गडचिरोलीतल्या एटापल्लीला दोन वर्षं काढली होती. तिथं रुजू होऊन महिन्याभरात बदलीच्या खटपटीला लागलेले किती मास्तर आणि किती डॉक्टर पाहिले, ते त्यांनी अर्धा तास सांगितलं. त्या यादीत स्वतःलाही घातलं.

शेवटी मास्तर सिडनीच्या बारमध्ये गाताना दिसतो, गावात नाही. "तो परत गेला असं दाखवलं असतं तर मी टीव्ही बंद केला असता," मावसाजी म्हणाले. मी तो शेवट गोडच धरून चालले होते, कारण तो तिथं याकचं गाणं म्हणतो. गाणं म्हणतो हे खरं, पण परत जात नाही हे त्याहून खरं. रात्री वहीत अर्धा तारा वाढवला.

शनिवार

सहा डिसेंबर. समोरच्या घरातले सर, शाळेतून निवृत्त झालेले, सकाळी पांढरे कपडे घालून निघाले होते; मी त्यांच्या मागे लागले. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह जिथं धम्मदीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर मी लहानपणी एकदाच गेले होते. "आज बरेच लोक मुंबईला, चैत्यभूमीवर गेलेले असतात," सर म्हणाले. "इथली खरी गर्दी पाहायची तर दसऱ्याला ये." तरी रांग होती. कडेवर मुलं घेतलेल्या बाया, हातात मेणबत्त्या, आणि बाहेर पुस्तकांच्या मांडण्या. सर दर वर्षी एक तरी पुस्तक घेतात. यंदा दोन घेतली आणि पिशवी मला धरायला दिली.

येताना तर्री पोहे. पुण्यात पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर भुरभुरतात आणि शेजारी लिंबाची फोड ठेवतात. इथं पोह्यांवर हरभऱ्याचा तिखटजाळ लाल रस्सा ओततात, आणि वर 'आणखी देऊ का तर्री' विचारतात. मी हो म्हटलं, ही चूक दुपारभर पुरली.

संध्याकाळी सरांनाही बोलावलं. विम वेंडर्स या जर्मन दिग्दर्शकाचा जपानीतला 'परफेक्ट डेज', 2023 चा. टोकियोतली सार्वजनिक शौचालयं साफ करणारा हिरायामा रोज सूर्य उगवायच्या सुमाराला उठतो, रोपांना पाणी घालतो, यंत्रातून कॉफीचा डबा काढतो, गाडीत जुन्या कॅसेट लावतो. दुपारी झाडांतून झिरपणाऱ्या उन्हाचे फोटो काढतो. या कामासाठी कोजी याकुशो यांना कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, आणि शेवटच्या त्या एका लांब शॉटमध्ये हसू आणि रडू त्यांच्या चेहऱ्यावर जसं एकमेकांत मिसळतं, ते पाहिलं की पुरस्काराबद्दल कोणी वाद घालणार नाही. वहीत साडेचार तारे. शेरा: 'समाधान म्हणजे काय ते इथं दिसतं.'

मावशीला सिनेमा आवडला. बोलणं कमी, त्यामुळे मलाही आराम. भांड्याच्या कडेखाली आरसा धरून तो डाग शोधतो तेव्हा ती म्हणाली, "असा माणूस मिळाला तर मी घर त्याच्या नावावर करीन."

सर बोलले नाहीत. शेवटाकडे हिरायामाची बहीण चालक असलेल्या मोठ्या गाडीतून येते आणि विचारते, तू खरंच शौचालयं साफ करतोस? मी वाचलं. तेव्हा सर म्हणाले, "याले विचारायला बहीण तरी येते. मोटारीत बसून."

चहा होईपर्यंत ते थांबले, मग बोलले. हिरायामा हे काम निवडतो. मागे श्रीमंत घर आहे, ते सोडून तो आलाय. आपल्याकडे हे काम कोणी निवडलं? जातीनं दिलं. 2013 मध्ये हातानं मैला साफ करण्याविरुद्ध नवा कायदा आला, तरी गटारात उतरून गुदमरलेल्या माणसांच्या बातम्या पेपरात येतातच. "आणि ते संडास तर पाहा," सर म्हणाले. "आमच्या शाळेची इमारत त्याच्यापेक्षा वाईट होती."

संडास तसे आहेतच. शिबुया भागात नामांकित वास्तुविशारदांकडून 17 शौचालयं बांधून घेतली गेली, आणि त्या प्रकल्पाबद्दल काहीतरी चित्रित करावं म्हणूनच वेंडर्सना आधी बोलावणं गेलं होतं. एक तर पारदर्शक काचेचं आहे, आत जाऊन कडी लावली की काच अपारदर्शक होते. हे मला ठाऊक होतं आणि मी ते कौतुकानं सांगितलं. सांगताना जाणवलं, की सरांच्याच मुद्द्याला मी पुरावा देतेय. मैला दिसतच नाही या सिनेमात. अडीच महिन्यांपूर्वी मला हे का खटकलं नव्हतं? हेडफोन घालून एकटी बसले होते म्हणून, असं एक उत्तर आहे. दुसरं उत्तर माझ्या आडनावात आहे.

तारे मी कमी केले नाहीत. याकुशोंचा चेहरा अजूनही तितकाच आवडतो. शेरा मात्र खोडला आणि जागा कोरी ठेवली.

रविवार

दुपारी वरच्या मजल्यावरचा सात वर्षांचा मुलगा आला, म्हणून 'फ्लो' लावला. लाटवियाचा गिंट्स झिलबालोडिस, ब्लेंडर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरून केलेला ॲनिमेशनपट, 2025 चा ऑस्कर. पुरात सापडलेलं मांजर, एका होडीत कॅपिबारा, लेमूर, कुत्रा आणि एक लांब पायांचा पक्षी. संवाद एकही नाही, त्यामुळे मला सुट्टी, आणि मी झोपले. मुलाचं मत: मस्त. मावशीचं मत: कुत्रा भैताड हाय. दोन्ही बरोबर.

रात्रीचा सिनेमा आयर्लंडचा होता, 'द क्वाएट गर्ल', 2022 चा. कोल्म बॅरेड यांनी आयरिश भाषेत केलेला. त्या भाषेतल्या सिनेमाला आंतरराष्ट्रीय विभागात ऑस्करचं नामांकन मिळालं ते पहिल्यांदाच. साल 1981. घरात पोरांची गर्दी, आई पुन्हा गरोदर, म्हणून नऊ वर्षांच्या कॉइटला उन्हाळ्यापुरतं दूरच्या नातेवाइकांकडे सोडतात. त्या नवरा-बायकोंना मूल नाही. नाही म्हणजे, आता नाही. पोरीला ज्या खोलीत झोपवतात तिच्या भिंतींवरच्या कागदावर आगगाड्या आहेत, आणि घालायला देतात ते कपडे मुलाचे आहेत. मी काही वाचायच्या आत मावशी म्हणाली, "यांचं पोरगं गेलं."

त्या घरातला काका आधी पोरीशी बोलतच नाही. एकदा रागावतो. मग एके दिवशी तिच्यासमोरून जाता जाता टेबलावर एक बिस्किट ठेवतो आणि निघून जातो. एवढाच प्रसंग. जगभरच्या लोकांनी या बिस्किटावर लिहिलंय, मीही वहीत लिहिलं होतं. मावसाजींनी काय केलं, तर उठले, डब्यातली एक शंकरपाळी आणून माझ्या तळहातावर ठेवली आणि परत जाऊन खुर्चीत बसले. ते विनोद करतात तो असा. पुढची चार सबटायटल मला वाचता आली नाहीत, तोंडात शंकरपाळी होती असं मी सांगितलं.

या सिनेमात वाचताना एक अडचण होती. सगळे आयरिश बोलतात, पण कॉइटचा बाप इंग्रजी बोलतो. मी बाकीच्यांचं मराठी केलं आणि त्याचं इंग्रजी तसंच ठेवलं.

"हा बाप साहेब हाय का?"

"नाही, शेतकरीच आहे. कर्जबाजारी."

"मग इंग्रजी काऊन झाडून राहिला?"

इंग्रजांच्या राज्यात शाळा-कचेरीची भाषा इंग्रजी झाली, पोटापाण्यासाठी परदेशी जायचं तर तीच लागे, आणि आपली भाषा बोलणं म्हणजे गरिबी, असं लोकांना वाटत गेलं. आता ती थोड्या गावांमधून रोज बोलली जाते. हे सगळं मी सांगितलं. सिनेमा थांबलेलाच होता.

मावशी म्हणाली, "तुझ्या आईनं बी हेच केलं."

आई वरोऱ्याची. लग्न होऊन सदाशिव पेठेत आली. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी हाक मारली तेव्हा ती आतून म्हणाली, "मी स्वयंपाक करून राहिली." माजघरात चार बायका हसल्या. त्यांनी पुढे बरीच वर्षं ते वाक्य जेवणाच्या पंगतीत ऐकवलं. आईनं पत्रातून मावशीला कळवलं होतं, की मी आता 'करते आहे' म्हणते. मला हे ठाऊक नव्हतं. मी आईच्या तोंडून 'करून राहिली' आयुष्यात ऐकलेलं नाही.

मग उरलेला सिनेमा पाहिला. शेवटी पोरगी धावते आणि एक शब्द उच्चारते. तो मी वाचला नाही. वाचायची गरज नव्हती.

वहीत पाच तारे होते, पाचच राहिले. शेरा होता: 'छायाचित्रण अप्रतिम.' वाचून माझंच मला हसू आलं.

सोमवार

हिवाळी अधिवेशन सुरू झालं. सीताबर्डीला जायला निघाले तर जागोजागी बॅरिकेड, खाकी गणवेश, आणि कुठल्याशा कर्मचाऱ्यांचा मोर्चा. वर्षातले काही दिवस नागपूर राजधानी असतं, आणि त्या दिवसांत नागपूरकर घरातून निघताना रस्ता नाही, मोर्च्याचा मार्ग विचारतात. झिरो माइलचा दगडी खांब आणि ते चार घोडे मेट्रोच्या खिडकीतूनच पाहिले. संत्रा बर्फीचे दोन डबे घेऊन परत.

संध्याकाळी सोलेभाजीचा बेत होता. मावशी टीव्हीकडे पाठ करून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली. "तू वाच, मी ऐकतो," म्हणाली. तिच्याकडच्या बोलीत बाई पण 'मी ऐकतो, मी जातो' म्हणते.

'द झोन ऑफ इंटरेस्ट'. जोनाथन ग्लेझर, 2023. नाझींच्या आउश्वित्झ छळछावणीचा प्रमुख रुडॉल्फ होस, त्याची बायको, मुलं, आणि भिंतीला लागून त्यांचा सुंदर बंगला. बागेत फुलं, पोहायचा छोटा हौद, काचेचं रोपघर. भिंतीपलीकडचं काहीही दाखवत नाहीत. फक्त ऐकू येतं. या सिनेमाला दोन ऑस्कर मिळाले, त्यातलं एक ध्वनीसाठी. माझ्या वहीत मात्र साडेतीन तारे: 'थंड. काही घडत नाही.'

मी वाचत होते. वाचण्यासारखं काय, तर फुलं कुठली लावायची, कोट कोणाला हवा, जेवायला कोण येणार.

"लॉनमधून येऊन राहिला का गं तो आवाज?" मावशीनं विचारलं.

नागपुरात लग्नाच्या मोकळ्या जागेला लॉन म्हणतात आणि घरामागे असं एक लॉन आहे. तिथं खरोखर रिसेप्शन होतं, बँडही वाजत होता. मी उठून खिडकी लावली आणि पुन्हा वाचायला लागले.

"नाही," ती म्हणाली. "हा वेगळा हाय. भट्टीसारखा. आणि मधून कोणी ओरडते."

मी वाचायची थांबले. तेव्हा ऐकू आलं. सतत एक घरघर, लांबून कुत्री, गोळीचा बार, माणसाचा आवाज आहे की नाही असा आवाज, आणि पडद्यावर बाई बाळाला फुलांचा वास देतेय. पुण्यात मी हे हेडफोन घालून पाहिलं होतं. आवाज थेट कानात होता. आणि मी सबटायटल वाचत होते, कारण मला वाटलं होतं की गोष्ट तिथं आहे.

शेंगा परातीत तशाच राहिल्या. मावशी आता टीव्हीकडे तोंड करून बसली होती, पण डोळे मिटून. होसची सासू पाहुणी येते, लेकीच्या बागेचं कौतुक करते, रात्री खिडकीतून आगीची लाली पाहते आणि सकाळी कोणाला न सांगता निघून गेलेली असते. हे मी सांगितलं.

"तिची आई गेली ना? मग मी पण जातो," मावशी म्हणाली आणि उठली. "बंद कर ते."

बंद केला. मागच्या लॉनवर बँडनं झिंगाट धरलं होतं. सोलेभाजी फार चांगली झाली होती असं मावसाजी म्हणाले, म्हणजे कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

वहीतले तारे खोडायला घेतले आणि लक्षात आलं, की किती द्यायचे ते मला ठरवता येत नाहीय.

मंगळवार

गाडी संध्याकाळची. दुपारी जेवणं झाल्यावर मावशी म्हणाली, "आता आपल्याकडचा एखादा लाव. तुझा घसा बसला."

जयंत सोमलकर यांचा 'स्थळ'. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात तिथल्याच लोकांना घेऊन केलेला, टोरांटो महोत्सवात 2023 मध्ये नेटपॅक हा आशियाई सिनेमासाठीचा पुरस्कार मिळालेला. हा मी पाहिलेला नव्हता, वहीत पान कोरं होतं. कापूस पिकवणाऱ्याची मुलगी सविता, तिला शिकायचंय, आणि घरच्यांना तिला उजवायचंय. सुरुवातीलाच उलटं दाखवलंय: मुलगा पाटावर बसलाय आणि बाया त्याला प्रश्न विचारताहेत. मावसाजी खुर्चीत सावरून बसले.

मग सुलटं सुरू होतं. पाहुणे येतात. नाव काय, शिक्षण काय, उंची किती, छंद काय. पुन्हा पाहुणे, पुन्हा तेच प्रश्न, तीच उत्तरं. हा सिनेमा तेच तेच दाखवतो म्हणून कंटाळा येईल, अशी मला सुरुवातीला शंका होती. पण कंटाळा हाच त्याचा विषय आहे, आणि तो सविताच्या चेहऱ्यावर साठत जाताना दिसतो. कुठे व्हिलन नाही. येणारे पाहुणे साधे, बापही साधा, कापसाला भाव नाही. भाषणबाजी नाही, बाजाच्या पेटीचं रडगाणं नाही. मराठीत इतका आवरलेला सिनेमा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

अडचण एकच. मला सगळं समजत नव्हतं. शब्द मराठी, पण मागे बसलेली माणसं भराभर बोलत तेव्हा निम्मं निसटायचं. "काय म्हणाला तो?" मी विचारायची आणि मावशी सांगायची. थोड्या वेळानं ती न विचारताच सांगू लागली, वाक्य संपायच्या आत. अर्थ सांगता सांगता स्वतःचंही सांगू लागली. तिला सात जण पाहून गेले. एकानं चालून दाखव म्हटलं. एकानं सुईत दोरा ओवायला लावला. सहाव्याच्या वेळी आईनं, म्हणजे माझ्या आईनं, स्वयंपाकघरातून पाहुण्यांच्या चहात मीठ घातलं.

"हे मला माहीत नव्हतं," मावसाजी म्हणाले.

"तुम्ही सातवे. तुम्हाले साखरेचाच दिला."

सिनेमा संपला तेव्हा साडेपाच झाले होते. मावशीनं फोन मागितला, म्हणाली, आईला लाव. मी लावला आणि स्पीकरवर टाकून तिच्या हातात दिला, कारण तिला बटण दिसत नाही.

"काय करून राहिली वो?" मावशीनं विचारलं.

पलीकडे जरा शांतता होती. मग आईचा आवाज आला, माझ्या ओळखीच्या आवाजापेक्षा थोडा वरच्या पट्टीतला. "काई नाई वो माय. बसून राहिली. पोट्टी निघाली का तिकडून?"

मावसाजी माझी बॅग घेऊन फाटकापाशी उभे होते. त्यांनी हॉर्न दिला, मी हातानंच थांबा म्हटलं. आतमध्ये चहातल्या मिठावरून दोघी हसत होत्या, आणि मला त्यातलं निम्मंच कळत होतं.